रोपं कोण खातंय ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा आला की पेपरात वनमहोत्सवाचे फोटो येतात, इतकी रोपं लावली म्हणून, चांगलंच आहे, पण जंगलात आपणहून उगवणाऱ्या रोपांचं काय होतंय हे कुणी विचारत नाही म्हणून लिहितोय.

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर साईडचं जंगल, जांबोटी, कणकुंबी, 2011 ला अभयारण्य झालेलं भीमगड, गाडीतून बघितलं तर हिरवंगार. जरा खाली उतरून बघा की. ऐन, किंजळ, जांभळाची मोठी झाडं आहेत, बी पडतंय, कोंबही येतात, आणि गुडघ्याएवढं झालं की बऱ्याच रोपांचा शेंडा गायब! मग बाजूनं फुटवे येतात, तेपण खाल्ले जातात, असं करत रोप वर्षानुवर्षं झुडूपच राहतं. उद्या मोठं झाड पडलं तर त्याची जागा घेणार कोण?

खाणाऱ्यांत हरणं आलीच. चितळ पावसात गवतावर असतं, उन्हाळ्यात गवत वाळलं की कोवळ्या पाल्यावर येतं, भेकर तर निवडून निवडून खातं. रानमोडी आणि घाणेरी या झुडपांना मात्र सहसा कुणी तोंड लावत नाही, म्हणजे चांगलं ते खाल्लं जातं आणि मोकळ्या उन्हात हीच माजतात.

पण लगेच हरणांना शिव्या घालू नका. आवळा खाऊन रवंथ करताना बिया लांब नेऊन टाकतात ती चितळं-भेकरंच. अंदमानात इंग्रजांनी चितळ नेऊन सोडलं, तिथं ना वाघ ना बिबट्या, म्हणून रोपं वाढेनाशी झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हरणं वाढून जंगलाखाली नुसतं नेच्याचं रान झालं. आपल्याकडं बिबटे आहेत, रानकुत्री आहेत, त्यामुळं तिकडची गोष्ट जशीच्या तशी इथं चिकटवणं मला पटत नाही, आणि इथं गुरं चरतात, फेब्रुवारी-मार्चला वणवे लागतात ते वेगळंच.

खाल्लेला शेंडा बघून थोडं कळतं. सशानं खाल्लं असेल तर चाकूनं तिरकं कापल्यासारखं साफ दिसतं, हरणाला वरचे पुढचे दात नसतात म्हणून ते ओरबाडल्यासारखं. पण गुरांनाही वरचे दात नसतात, तिथंच सगळा घोळ!

म्हणून फॉरेस्टवाल्यांना एकच सांगणं. दहा बाय दहा मीटरचे तीन तुकडे घ्या. एक उघडा सोडा, एकाला गुरं अडतील पण खालून भेकर-चितळ शिरेल अशी तार मारा (सांबर नाही जाणार, चालवून घ्या), तिसऱ्याला आठ फुटी पक्की जाळी. म्हणजे गुरं किती खातात आणि हरणं किती, ते वेगवेगळं कळेल. दरवर्षी पावसाआधी आणि नंतर रोपं मोजा, उंची लिहा, निदान पाच वर्षं तरी. साहेब बदलले की वही हरवते असं नको. खर्च प्लँटेशनच्या मानानं किरकोळच येईल.

आणि जागा ऑफिसात बसून नकाशावर ठरवू नका, गुराख्यांना बरोबर घ्या, भेकर कुठल्या ओढ्याला उतरतं आणि गुरं कुठवर जातात हे त्यांना बरोबर ठाऊक असतं, फक्त दंडाची भीती घालू नका म्हणजे ते खरं सांगतील.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर