मास्तरांच्या वह्या वाचवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

५ नोव्हेंबर जवळ आला की सांगलीत रंगभूमी दिनाची गडबड सुरू होते. १८४३ साली विष्णुदास भावेंनी इथंच सीतास्वयंवर उभं केलं, त्याचा अभिमान आहेच. पण नटांचे फोटो, पदकं, जुन्या जाहिराती यांच्यापलीकडं आपण काही जपतच नाही असं मला वाटायला लागलंय, म्हणून हे पत्र.

आमच्या गल्लीत एक मास्तर होते. संगीत नाटकात ऑर्गन वाजवायचे, जत्रेच्या नाटकात माणूस कमी पडला तर तोंडाला रंग लावून विदूषकही व्हायचे आणि पहाटे रंगपटात बसून नाटकाच्या हँडबिलांच्या पाठकोऱ्या बाजूला कॉमिक्स काढायचे. ते कागद दाभणानं शिवून वह्या केलेल्या. वन्समोअर कसा काढलाय बघा, एकच चौकट तीनदा, आणि दरवेळी गाणाऱ्याचा घाम वाढलेला, ऑर्गनवाल्याचे डोळे मिटत आलेले. एक पान तर मी कितीदा बघितलंय, चार ओळींत सोळा चौकटी म्हणजे अख्खा सोळा मात्रांचा तीनताल, पहिल्या चौकटीत समेवर पडदा उघडतो आणि नववी पूर्ण कोरी, कारण तिथं तालाची ‘खाली’, म्हणजे टाळी न देता सोडायची मात्रा! चित्रात ताल असा धरता येतो हे मला तरी दुसऱ्या कुठल्या कॉमिक्समध्ये दिसलं नाही, आणि लहानपणी इंद्रजालचे वेताळ मी ढिगानं वाचलेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या इर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्यांच्या माळ्यावरच्या वह्या वाचल्या, पण खालच्या ट्रंकेतल्या भिजल्या, शाई पसरली, पानं एकमेकांना चिकटली. आता मास्तर नाहीत. घरच्यांनी मन मोठं करून सगळं माझ्याकडं दिलंय. मी एका संस्थेत विचारायला गेलो तर म्हणाले, हे नाटकात बसत नाही, चित्रकलेतही बसत नाही. अहो, रंगपटातला माणूस रात्रभर ऑर्गन वाजवून जे बघत होता तेच त्यानं काढलंय, मग हे नाटक नाही तर काय?

कोरड्या वह्यांचे मोबाईलवर फोटो काढतोय, दोन झाल्या. चिकटलेली पानं सोडवायचं काम माझ्या हातचं नाही, जुन्या कागदांचं जाणणारं कुणी असेल तर प्लीज पुढं या. मास्तर प्रयोगानंतर पोरांना चित्रं वाटून टाकायचे, आटपाडी, जत, कोरेगावकडं कुणाच्या घरी एखादं असेल तर रद्दीत घालू नका. आणि यंदा ५ नोव्हेंबरला नाट्यगृहाच्या दारात ते सोळा चौकटींचं पान मोठं करून लावूया, प्रिंटचा खर्च मी करतो.

आपला,
एक वाचक, गावभाग, सांगली