बाण एकच दिशा दाखवत नाही

महोदय,
नातवाच्या भूगोलाच्या वहीत खडकांचं चक्र पाहिलं: अग्निज, मग स्तरित, मग रूपांतरित, पुन्हा अग्निज. जणू एसटीचे थांबेच! खडक असा क्रम पाळत नाही. ग्रॅनाइट जमिनीत खोल गाडला गेला तर उष्णतेने नि दाबाने, न वितळताच, त्याचा नाईस हा पट्टेदार रूपांतरित खडक होतो. मध्ये गाळ व्हावं लागत नाही. देगलूरकडे जुने ग्रॅनाइट, नाईस उघडे दिसतात.

आपल्याकडचा काळा पाषाण तर रूपांतरित झालेलाच नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर ते. वेरूळचं कैलास लेणं त्यातच कोरलंय. विहीर खणा: वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या हा भोकाभोकांचा खडक, नाहीतर सुरुंगालाही दाद न देणारा पाषाण. मांजऱ्यातली भोकं म्हणजे लाव्हातल्या वायूंचे बुडबुडे. पाणी, ऊन आणि हवा लागून पाषाणाचा मुरूम होतो, मुरमाची माती. तीच माती गोदावरी बंगालच्या उपसागरापर्यंत नेते. तिथे थरावर थर चढले, दाबले गेले, खनिजांनी कण चिकटले, की कधीतरी नवा स्तरित खडक. (आमच्या शेतातली माती तर दर पावसाळ्यात तिकडे निघतेच!)

शिक्षकांना विनंती: आकृती पाठ करून घेण्याआधी मुलांना गावातल्या एखाद्या कोरड्या विहिरीच्या कठड्याशी न्या. सांभाळून, अर्थात.

– एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई