सोलापूरच्या कसब्यातल्या घराबद्दल, आई-अप्पांना

पुणे
रविवार, दुपार

तीर्थरूप आई आणि अप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. तीनदा लावलाही. एकदा अप्पांनी "जेवलीस का?" विचारलं, एकदा आईनं शेजारच्यांच्या लग्नाचं सुरू केलं, आणि तिसऱ्यांदा मीच थंडी पडली का विचारून ठेवून दिला. म्हणून लिहिते. पत्र असलं की अप्पा चष्मा लावून दोनदा वाचतात आणि "बरं बरं, बघू" म्हणून विषय मोडता येत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी सात रस्त्याला मैत्रिणीकडं जाते म्हणून चार तास बाहेर होते. मैत्रिणीकडं गेलेच नव्हते. दादा आणि मी जुळे सोलापुरात फ्लॅट बघत फिरत होतो. तीन बघितले, एक पटला. गेल्या गुरुवारी मी त्याचा इसार दिला. एक लाख, चेकनं, माझ्या खात्यातून. दादाला रागावू नका, त्यानं फक्त मोटारसायकल चालवली.

अप्पा, आधी एक ऐका. तुम्हाला पुण्याला आणत नाहीये. त्या खेपेला तुम्ही इथं अठरा दिवस राहिलात, आणि अठराही दिवस लिफ्टमध्ये भेटेल त्याला नमस्कार करत होतात. परत किती जणांनी केला, ते मीही मोजत होते. ते पुन्हा नको. सोलापूर सुटणार नाही. जिना तेवढा सुटणार आहे.

श्रावणात तुम्ही पडलात ते मला आठ दिवसांनी कळलं. आई म्हणाली, "जरा घसरले." जरा घसरलेल्या माणसाला कोणी कमरेचा पट्टा देत नाही. तो दगडी जिना तुमच्या वडिलांच्या वेळचा, पायऱ्या मध्ये झिजून वाटीसारख्या झालेल्या, एकीची उंची दुसरीला नाही. त्यात संडास परसात. रात्री दोनदा उठायचं, जिना उतरायचा, आडाला वळसा घालून जायचं, आणि दिवा लावला तर आई जागी होईल म्हणून अंधारातच जायचं. मी इथं रात्री दोनला जागी झाले की हेच डोळ्यांसमोर येतं. आई, तुझा गुडघाही काही कौतुकाचा राहिलेला नाही. पावसाळ्यात माळवद गळतं आणि तू भगुली मांडतेस. यंदा सात मांडली होतीस, दादानं फोटो पाठवला होता.

आता फ्लॅटबद्दल. पहिला मजला आणि लिफ्ट. खाली नुसतं पार्किंग आहे, म्हणजे आई, शेंगाची चटणी उखळात कितीही कूट, खालून कोणी काठीनं छत ठोकणार नाही. हे मी मुद्दाम बघून घेतलं. उखळ न्यायचं आहे. ओटा तुझ्या उंचीला एक वीट उंच होता, तो कमी करून देतो म्हणालेत. भाकरी थापायला उजव्या हाताला जागा आहे. कडक भाकरी वाळवायला गच्ची मोकळी आहे, आणि आपल्या गावात उन्हाचं काय, ते काही मजल्यावर अवलंबून नाही. नळाला पाणी तिथंही रोज नाही, चार-पाच दिवसाआडच. पण खाली मोठी टाकी आहे, बोअर आहे, पंप आहे. तरीही तू पहिल्या दिवशी चार घागरी आणि पिंप भरून ठेवशील, हे मला माहीत आहे. भर. न्हाणीघरात धरायला दांड्या लावून घेतेय आणि संडास झोपायच्या खोलीला लागून आहे. सहा पावलं. मी मोजली.

अप्पा, तुम्ही भाव विचारणार. 38 लाख. दलाल 950 फूट म्हणत होता, मी कार्पेट विचारलं तेव्हा 640 वर आला. भिंती, जिना, लिफ्ट, सगळं धरून तो सांगत होता. आपल्याला आत सतरंजी अंथरता येते तेवढंच आपलं. इमारत तयार आहे, राहायला परवानगीचं भोगवटा प्रमाणपत्र मी स्वतः वाचलं, महारेराच्या सरकारी साइटवर प्रकल्पही तपासला. बांधकाम चालू असताना घेतला असता तर वर जीएसटी लागला असता, प्रमाणपत्र मिळाल्यानंतर तो लागत नाही. तुम्ही म्हणाल, पोरीला किती कळतं बघा. कळत नव्हतं. महिनाभर रात्री जागून शिकले.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली नाही. मला घर एकट्या आईच्या नावावर घ्यायचं होतं. बाईच्या नावावर खरेदी केली की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणजे 38 हजार वाचले असते. पण सीएनी मान हलवली. कसब्यातलं घर अप्पांच्या नावावर, ते विकून आलेल्या नफ्यावरचा कर टाळायचा तर नवं घरही अप्पांच्या नावावर हवं, नाहीतर उद्या कोणी शंका काढेल. दोघांची नावं घातली तर सूट जाते. मी दोघांची घातली. गेले 38 हजार. तू पन्नास वर्षं त्या घरातलं शेण-सारवण केलंस आणि एका कागदावर तुझं नाव नाही. इथं असू दे की.

हो, कसब्यातलं घर विकायचं. हे वाक्य लिहायला मला दोन पानं लागली.

गिऱ्हाईक आहे. आपल्यातलेच आहेत, साड्यांचा व्यापार आहे. 52 लाख म्हणतात. मी आधी लिहिणार होते की ते डागडुजी करून तिथंच राहणार आहेत. तसं लिहिलंही होतं, तो कागद फाडला. अप्पा, ते घर घेत नाहीयेत, जागा घेतायत. 1,100 फूट जागेचे पैसे देतायत, घराची किंमत त्यात शून्य धरलीय. खाली दुकानं, वर मजले, असं त्यांच्या डोक्यात आहे. तुमचा कडीपाट, सागवानी खांब, ओसरीवरच्या तुळया ते वेगळ्या विकतील. मला वाईट वाटलं. मग मी विचारलं, ओसरीवरचा मधला खांब आम्ही नेला तर चालेल का? ते म्हणाले, न्या. काय करणार आहे त्याचं, माहीत नाही. फ्लॅटमध्ये खांब कुठं उभा करणार! पण सांगून ठेवलाय.

राहता राहिले खालचे मास्तर. त्यांना तिथं ठेवून विकलं असतं तर दहा लाख खाली यावं लागलं असतं, कारण इतक्या जुन्या भाडेकरूला कायद्यानं सहज उठवता येत नाही आणि घेणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. मी त्यांच्याशी बोलले. तुम्ही बोलला असता तर त्यांना रडू आलं असतं आणि तुम्ही विषय सोडून दिला असता. चार लाख त्यांना द्यायचे आणि नव्या जागेत शिलाई मशीन आपण पोहोचवून द्यायचं, असं ठरलंय. त्यांची विड्या वळणारी बहीण आठवते ना? तिला कुंभारीच्या रे नगरात घर मिळालं, त्या 30 हजार घरांच्या वसाहतीत. 2024 च्या जानेवारीत पंतप्रधान आले होते तेव्हाच्या पहिल्या 15 हजारांतलं. आई, तू तेव्हा म्हणाली होतीस, "एवढ्या लांब? तिथं कुत्रं तरी फिरकतं का?" आता मास्तरच सांगत होते, दारात तुळस आहे, शेजारणी आहेत, भिशी आहे.

लांबचं म्हणाल तर जुळे सोलापूरलाही तुम्ही असंच म्हणाला होतात, अप्पा. गिरणीतल्या मंडळींनी तिकडं सोसायटी काढली होती. मी सातवीत असेन. तुम्ही मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून प्लॉट दाखवायला नेलंत. नुसता माळ. बाभळी आणि वारा. येताना कंबर तलावाशी थांबून तुम्ही मला भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या आणि म्हणालात, "इथं राहायला यायचं म्हणजे भोंगा ऐकू येणार नाही, मग ड्युटीला उठणार कसं?" मला ते इतकं पटलं होतं. पुढं भोंगाच बंद झाला. तुम्ही चुकलात असं म्हणत नाहीये, तेव्हा हातात पैसा कुठं होता! आणि त्या वर्षी काकांचं जे चाललं होतं त्यात प्लॉट कोण घेणार. मला एवढंच सांगायचंय की परवा इसाराच्या कागदावर पत्ता वाचला तेव्हा ती शेंगांची पुडी आठवली, आणि त्या दलालासमोर माझे डोळे भरून आले. त्याला वाटलं, भाव जास्त झाला म्हणून. त्यानं लगेच दहा हजार कमी केले.

काकांवरून आठवलं. त्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं म्हणून आज हे शक्य आहे. बाकी काही असो, तेवढं त्यांनी नीट केलं. त्यांना फोन करून तुम्हीच सांगा, तिसऱ्याकडून कळू नये.

वकील म्हणाले, माझीही सही लागणार. घर आजोबांपासूनचं, आणि 2005 पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच, त्यामुळं माझ्या संमतीशिवाय घेणारा पुढं येणार नाही. घरपट्टी अप्पांच्या नावानं, लाईट बिल अजून आजोबांच्या नावानं. त्या घराच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा येणार ते विकताना. दादा हसला. मला काही हसू आलं नाही.

आता सूचना. चिडू नका, आणि आई, हे तू मोठ्यानं वाचून दाखव.

गिऱ्हाईक घरी आलं तर चहा द्या, भावाचं बोलू नका. अप्पा, विशेषतः तुम्ही. "पोरगी ठरवेल" एवढंच. रोख काही घेऊ नका. "थोडे वरून देतो, कागदावर कमी दाखवू" असं कोणी म्हणालं तर ते आपलं काम नाही. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड बसू शकतो, आणि तो रोख घेणाऱ्यालाच, म्हणजे आपल्याला. मूळ खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, हक्कसोडपत्र, काहीही हातात द्यायचं नाही. झेरॉक्स द्यायची. ट्रंकेची किल्ली देवघरातल्या डब्यातून काढून आईनं पदराला बांधायची. साड्यांचे व्यापारी पैसे देताना एक टक्का कापून सरकारकडं भरतील, फसवलं म्हणून घाबरू नका, तो नियम आहे, विवरणपत्र भरलं की हिशेबात धरतात. सगळं वजा जाता जे उरेल ते पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवू, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यावर येईल. कोणाला उसने द्यायचे नाहीत. कोणाला म्हणजे कोणाला, ते तुम्हाला कळलंय.

सोमवारी सिद्धेश्वराला जायचं कसं, हा आईचा पहिला प्रश्न असणार. आपल्याच गल्लीतला रिक्षावाला, ज्याला तू लहानपणी हुरडा खाऊ घालायचीस, त्याच्याशी बोललेय. दर सोमवारी सकाळी साडेसहाला नव्या घरापाशी येईल आणि तळ्यावरून परत आणून सोडेल. पैसे मी महिन्याचे परस्पर देणार, तू दर वेळी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नकोस. तो मला म्हणाला, "ताई, पैसे नकोत." मी म्हणाले, तूच घे, नाहीतर आई बसणार नाही.

अप्पा, गोळ्या. सकाळची पांढरी जेवणाआधी. डबीत वार घातलेत ते उगाच नाहीत. मागच्या वेळी शुक्रवारी मंगळवारचा कप्पा भरलेला होता.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी ठेवलं. गड्ड्याआधी, सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेआधी, ताबा द्यायचा नाही, ही माझी एकच अट होती. मी घाबरत घाबरत सांगितली, वाटलं, कसर काढतील. पण ते साड्यावाले सोलापूरचेच. म्हणाले, "ताई, हे सांगायला लागतं का? काठ्या जाऊ द्या, अक्षता होऊ द्या, मग बघू." तेव्हाच मला वाटलं, द्यावं यांना.

म्हणजे यंदाही नंदीध्वजांच्या सातही काठ्या वरच्या खिडकीतूनच बघायच्या. मी संक्रांतीच्या चार दिवस आधी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतेय, जावई आणि पोरंही. आजी बसायची त्या जागी अप्पा बसतील, खिडकीच्या डाव्या बाजूला, आणि वर एकदाच चढायचं, मी हात धरून नेईन. हर्र बोला म्हटल्यावर थोरल्यानं गेल्या वेळी कान झाकले होते, आता मोठा झालाय.

दरवर्षीसारखं वरचं घर झाडायला आई स्टुलावर चढणार असेल तर मी येईपर्यंत थांब. जिन्यातला दिवा आजच बदलून घ्या. तो झिरोचा काढा, मोठा लावा, आणि रात्रभर चालू राहू दे. बिल मी भरते.

तुमची
बेबी

ता. क. पावसाळ्याआधी आलेली धोकादायक घराची नोटीस अप्पांनी कालनिर्णयच्या मागं खोचलीय, मला माहीत आहे. ती काढून दादाकडं द्या, वकिलांनी मागितलीय. आणि शेंगाची चटणी संपली.