एकाच कुकरवर तीन वेगवेगळे कर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गॅस महागला की 'इंडक्शन घ्या, वीज वापरा' असा सल्ला सगळीकडून मिळू लागतो. सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. पुण्यातल्या एखाद्या घराला इंडक्शन परवडेल की नाही, हे बहुतांशी वीजबिलातला टप्पा आणि त्यावरचा कर यांवर ठरते, आणि या दोन्ही गोष्टी सरकारच्या व नियामकांच्या हातात आहेत. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब. घरगुती सिलिंडरमधल्या 14.2 किलो गॅसमध्ये ढोबळमानाने 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. रोजच्या वापरातल्या शेगडीवर त्यातली साठेक टक्के भांड्याला लागते, बाकीची कडेने वर निघून जाते. म्हणजे पातेल्यात पोचतात सुमारे 108 युनिट. इंडक्शनमध्ये उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते, त्यामुळे 85 टक्क्यांच्या आसपास उपयोगी पडते आणि तेवढेच काम साधारण 127 युनिटांत उरकते. तेव्हा सिलिंडरच्या ताज्या पावतीवरची रक्कम 127 ने भागावी. सिलिंडर 850 रुपयांचा धरला तर उत्तर येते 6 रुपये 70 पैसे. विजेचा युनिट याहून स्वस्त पडत असेल तरच इंडक्शन फायद्याचे. पाइपच्या गॅसशी तुलना करायची तर सिलिंडरची तीच रक्कम 127 ऐवजी 18 ने भागावी, कारण एका सिलिंडरइतकी उष्णता सुमारे 18 घनमीटर पाइपगॅसमध्ये असते. त्याच 850 रुपयांना घनमीटरचा बरोबरीचा दर 47 रुपये निघतो.

विजेचा युनिट कितीला पडतो हे काढताना बिलावरचा नुसता 'वीज आकार' पाहून चालत नाही. वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा) आणि इंधन समायोजन आकार (इंधनाच्या दरातल्या चढउताराचा) हेही युनिटमागेच लागतात, आणि त्या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार मात्र या तुलनेत धरू नये, तो इंडक्शन असो वा नसो, द्यावाच लागतो.

आता खरी अडचण. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा 100 युनिटांचा, दुसरा 101 ते 300 चा, आणि दुसऱ्या टप्प्याचा नुसता वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त. फ्रिज, पंखे, टीव्ही, दिवे एवढ्यावर महिना 70 युनिट वापरणारे घर घ्या. त्यांचा सिलिंडर 45 दिवस पुरतो असे धरू. अर्धा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर महिन्याला साधारण 42 युनिट वाढतात, म्हणजे एकूण 112. यातले पहिले 30 युनिट गॅसच्या जवळपास भावात पडतात, वरचे 12 जवळजवळ दुपटीने महाग. उन्हाळ्यात कूलर लागला की पहिला टप्पा आधीच संपलेला असतो आणि इंडक्शनचा प्रत्येक युनिट महाग टप्प्यात जातो. मग एप्रिल-मे मध्ये इंडक्शन कपाटावर चढते ते चढतेच. लोकांना सवय नाही म्हणून असे होते हे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांनी बिल पाहिलेले असते.

कराकडे पाहिले तर विसंगती आणखी ठळक दिसते. घरगुती सिलिंडरवर जीएसटी 5 टक्के. पाइपच्या गॅसवर राज्याचा मूल्यवर्धित कर 13.5 टक्के होता, तो 1 एप्रिल 2022 पासून 3 टक्क्यांवर आणला, आणि तो निर्णय योग्यच होता. तोच कुकर विजेवर लावला की कर 16 टक्के. शिवाय हा टक्केवारीतला कर आहे. कोळसा महागला, इंधन समायोजन आकार वाढला, की त्या वाढीवरही शुल्क चढते. पेट्रोलचेही तसेच. आपल्याकडे 25 टक्के अधिक लिटरमागे 5 रुपये 12 पैसे असा राज्याचा कर आहे, आणि तो केंद्राचे उत्पादन शुल्क मिळवलेल्या किमतीवर बसतो. दर वाढले की ग्राहकाचे दुखणे वाढते आणि तिजोरीची आवक आपोआप वाढते. स्वयंपाकाच्या बाबतीत तरी हे थांबवायला हवे.

कारण देशात लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो, त्यातला बराचसा आखाती देशांतून. तिथे काही बिनसले की त्याची झळ सदाशिव पेठेतल्या ओट्यापर्यंत पोचते. 8 एप्रिल 2025 ला सिलिंडर एका रात्रीत 50 रुपयांनी वाढला, उज्ज्वला योजनेतलासुद्धा. वीज मात्र आपल्याच कोळशावर, पाण्यावर आणि उन्हावर बरीचशी तयार होते. जे इंधन देशात बनते त्याच्यावर स्वयंपाकघरात सर्वांत जास्त कर, हे धोरण म्हणून उलटे आहे.

स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारा) बसलेल्या घरांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत आहे. पण पुण्यातला कुकर लागतो सहा-साडेसहाला, डबे निघायच्या आधी, आणि परत संध्याकाळी सातनंतर. ही सवलत पहाटेपर्यंत ओढा असे मी म्हणणार नाही. दुपारी सौर वीज भरपूर असते म्हणून ती सवलत आहे, सकाळी सहाला ती नसते. त्यामुळे वेळेच्या सवलतीपेक्षा टप्प्याची मर्यादा वाढवणे हाच सरळ उपाय आहे.

छतावरच्या सौर संचाचा फायदाही असमान आहे. पीएम सूर्यघर योजनेत स्वतःचे छत असलेल्याला 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, असे कमाल 78 हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉट संच दिवसाला सरासरी 4 युनिट देतो, म्हणजे महिन्याचे 120 युनिट वजा होऊन बंगलेवाला पहिल्या टप्प्यात येतो. गृहनिर्माण सोसायटीला किलोवॉटमागे 18 हजार आहेत, पण ते लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी. फ्लॅटमधल्या ओट्यापर्यंत ते येत नाहीत, आणि पुण्यात बंगले किती, फ्लॅट किती हे सर्वांना ठाऊक आहे.

वायरिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण धोका तिथे आहे. 2000 वॉटचे इंडक्शन 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर ओढते. ते साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर अ‍ॅडॉप्टर लावून चालवले की आधी सॉकेटच्या पिना तापतात, मग प्लॅस्टिक तपकिरी होते, मग वितळते. पेठांतल्या जुन्या इमारतींत मीटरच्या सामाईक बोर्डावर न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सैल असतो. त्यावर सकाळी सातला गिझर आणि इंडक्शन एकदम सुरू झाले की भार सतरा-अठरा अँपिअरवर जातो, आणि न्यूट्रल सुटला तर जास्त व्होल्टेजने शेजाऱ्याचाही फ्रिज जळू शकतो. ओट्यासाठी बोर्डापासून वेगळी लाइन हवी: किमान 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि सॉकेट, चालू स्थितीतले अर्थिंग, आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच). मंजूर भार, म्हणजे जोडणीला मान्य असलेला वापर, एक-दोन किलोवॉटच असेल तर आधी महावितरणकडे भार वाढवून घ्यावा. भांडी सपाट बुडाची आणि चुंबक चिकटणारी लागतात, साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही. यंत्राच्या खालच्या जाळीत पीठ आणि तेलकट धूळ बसली की पंखा गुदमरतो आणि यंत्र मध्येच बंद पडते. महिन्यातून एकदा ती जाळी मऊ ब्रशने झाडावी. आणि भाकरी फुगवायला ज्योतच बरी, तेव्हा गॅस घरातून पूर्ण जाईल असे धोरण कुणी आखू नये. दूध, चहाचे पाणी, डाळ-भाताचा कुकर एवढे विजेवर गेले तरी पुष्कळ झाले.

गॅस वापरणाऱ्यांनी ज्योत पाहावी. ती निळी हवी. पिवळी होऊन भांडे काळे पडत असेल तर बर्नरची भोके किंवा हवेचा मार्ग तुंबलेला असतो. पाइपचा गॅस घेताना जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) बदलावेच लागतात, जुन्याच जेटला ड्रिल मारून मोठे केले तर भोक वेडेवाकडे पडते आणि गॅस अर्धवट जळतो.

मागण्या तीन आहेत. वीज नियामक आयोगाने पहिला टप्पा 100 वरून 150 युनिटांवर न्यावा. ते एकदम जमत नसेल तर निदान ज्या घरांत स्वयंपाकासाठी तपासलेली स्वतंत्र लाइन आणि स्मार्ट मीटर आहे त्यांच्यासाठी. राज्य सरकारने या वाढीव 50 युनिटांवरचे शुल्क 16 वरून पाइपगॅसप्रमाणे 3 टक्के करावे. तिसरी केंद्राकडे: उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे 300 रुपये अनुदान दिले जाते. ते 127 युनिटांवर पसरले तर युनिटमागे 2 रुपये 36 पैसे होतात. लाभार्थी बाईला वाटले तर एखाद्या सिलिंडरऐवजी तेच 300 रुपये तिच्या वीजबिलात वजा करून घेण्याची मुभा असावी. सरकारचा खर्च तेवढाच राहील आणि तेवढा गॅस परदेशातून आणावा लागणार नाही.

आपला,
एक विद्युत ठेकेदार,
कोथरूड, पुणे