दोन्ही दहा टक्क्यांविषयी

लालबाग, मुंबई
२ मार्च

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

येत्या वर्षाचा तुझा आराखडा मी दोनदा वाचला. प्रत्येक खात्यातील खर्च १० टक्क्यांनी कमी करायचा आणि त्याच वेळी मसाल्यावर १० टक्के सवलत देऊन विक्री वाढवायची, असे तू लिहिले आहेस. दुकान आता तू चालवतेस आणि निर्णयही तुझाच राहील. परंतु या दोन्ही आकड्यांची मला काळजी वाटते.

सवलतीचा हिशोब आधी पाहा. १०० रुपयांच्या विक्रीत मिरची, धणे, खडा मसाला आणि पिशवी यांचे ७० रुपये धरले, तर भाडे, पगार आणि नफा यांसाठी ३० उरतात. सवलत दिली की ३० चे २० होतात, आणि तेवढीच रक्कम हाती यायची तर दीडपट माल विकावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आपले मसाला कुटायचे डंक आताच रात्री उशिरापर्यंत चालतात. दीडपट माल त्यांच्यावर निघणार नाही.

खर्चाचे म्हणशील, तर सरसकट कपातीत गिऱ्हाइकाच्या ताटात उतरणारा खर्च आणि केवळ आपल्या ढिलाईमुळे होणारा खर्च एकाच मापाने मोजला जातो. ब्याडगी मिरची महागली त्या वर्षी मी तिचे प्रमाण कमी करून स्वस्त मिरची घातली होती. मसाल्याचा रंग उतरला, तिखटपणा वाढला, पण तक्रार एकीनेही केली नाही. वर्षानुवर्षे येणाऱ्या कितीतरी बायका पुढच्या उन्हाळ्यात दुकानाकडे फिरकल्याच नाहीत. त्या वर्षीच्या वहीत बचत दिसली होती, म्हणून मला ते उशिरा कळले, आणि त्याचे वाईट मला अजूनही वाटते. मिरची नीट न वाळवल्यामुळे येणारी घट आणि वाशीहून एका खेपेत येणारा माल तीन खेपांत आणल्याचे टेम्पोभाडे, या दोन गोष्टींना मात्र मी तेव्हा हात लावला नव्हता. तू तिथून सुरुवात कर.

नुसत्या काटकसरीनेही भागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्यांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांची आपल्याकडची खरेदी आटली. तुझ्या आजोबांनी होता नव्हता तो खर्च आवळला, पण भाडे आणि माणसांचे पगार चुकत नव्हते. दादर, डोंबिवलीच्या घरांतून मागणी येऊ लागली, तेव्हाच दुकान सावरले. म्हणून विक्री वाढवण्याची तुझी ओढ मला मनापासून पटते.

फक्त ती उधारीवर वाढवू नकोस. त्या मोठ्या दुकानदाराने ९० दिवसांची मुदत मागितली आहे, आणि आपण वर्षभराची मिरची या हंगामात रोखीने भरतो. त्याची ऑर्डर जितकी मोठी, तितकी आपली तिजोरी लवकर रिकामी. आपली सरकारदरबारी लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे आणि २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हे त्याला सौम्य शब्दांत पण लेखी कळव. तो मान्य करणार नसेल, तर ऑर्डर निम्मी घे.

सोमवारी वाशीच्या मसाला मार्केटला मी तुझ्याबरोबर येतो. ब्याडगीचा भाव कळेपर्यंत सवलतीची पाटी छापायला टाकू नकोस.

तुझे,
बाबा