रणजीचा एक साखळी सामना दर हंगामात बेळगावला मिळावा

प्रति,
माननीय युवा सबलीकरण व क्रीडा मंत्री,
कर्नाटक राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

रणजी करंडकाच्या साखळी फेरीत एलिट म्हणजे वरच्या श्रेणीच्या गटातील प्रत्येक संघ सात सामने खेळतो आणि त्यांतले तीन-चार त्याला घरच्या मैदानावर मिळतात. कर्नाटकाच्या वाट्याला येणाऱ्या या सामन्यांपैकी एक दर हंगामात बेळगावच्या ऑटोनगर मैदानावर व्हावा, यासाठी आपण राज्य क्रिकेट संघटनेकडे शब्द टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मैदाने ठरवण्याचा अधिकार संघटनेचा आहे याची मला जाणीव आहे. परंतु सीमाभागातील मुलांची बाजू तिथे मांडणारे वजनदार माणूस आम्हाला हवे आहे.

नोव्हेंबर 2018 मध्ये याच मैदानावर कर्नाटक आणि मुंबई यांचा सामना झाला. खानापूरहून आलेल्या माझ्या दोन भाच्यांना घेऊन मी शेवटच्या दिवशी तिथे बसलो होतो. कर्नाटकाने पहिल्या डावात 400 धावा केल्या होत्या, त्यात के. व्ही. सिद्धार्थच्या 161, आणि मुंबईला 205 धावांत गुंडाळताना पाच बळी घेतले ते बेळगावच्याच रोनित मोरेने. आपल्या गावचा गोलंदाज मुंबईच्या फलंदाजांना बाद करतो, ही गोष्ट त्या मुलांनी पुढे कितीतरी दिवस शाळेत सांगितली. शेवटच्या दिवशी 366 धावांचा पाठलाग मुंबईने चार गड्यांच्या मोबदल्यात 173 धावांवर थांबवला, सामना अनिर्णित राहिला आणि धाकट्याने विचारले, "मामा, मग जिंकलं कोण?" पहिल्या डावातील आघाडीचे तीन गुण कर्नाटकाला आणि एक गुण मुंबईला, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे पहिल्या डावात शेवटची जोडी टिकली तर तिचाही उपयोग होतो." साखळी फेरीचे मर्म त्या मुलाला एका दुपारी कळले. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकल्यास आणखी एक. या हिशेबापायी तळाचे फलंदाज तासन्‌तास का झुंजतात आणि कर्णधार डाव नेमका केव्हा घोषित करतो, हे मोबाइलवरच्या धावफलकावरून उमजत नाही, ते सीमारेषेजवळ बसूनच पाहावे लागते.

आमच्याकडे क्रिकेटची वाण नाही. दिवाळीनंतर गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, आठ-दहा षटकांचे सामने रंगतात, बक्षिसेही मोठी असतात. पण लाल चेंडूची एक बाजू चकचकीत ठेवणे, सकाळच्या दमट हवेत बाहेर जाणारा चेंडू सोडून देणे, दुसऱ्या नव्या चेंडूची वाट पाहत टिच्चून गोलंदाजी करणे, हे मुलांनी शिकायचे कुठे? राजधानी इथून सुमारे पाचशे किलोमीटर. हुबळी जवळ आहे, तिथे सामने होतात याचा आम्हाला आनंदच आहे. तरी निपाणी किंवा चिकोडीच्या मुलाला एका दिवसात तिथे जाऊन परतणे अवघड जाते.

मैदानाच्या दर्जाविषयी शंका नसावी. 2019 मध्ये भारत अ आणि श्रीलंका अ हे दोन्ही देशांचे दुसऱ्या फळीचे संघ इथे खेळले, अभिमन्यू ईश्वरनने द्विशतक काढले, आणि पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने एकदिवसीय सामन्यात नाबाद 187 धावा केल्या. खेळपट्टी चांगली असल्याशिवाय असे डाव घडत नाहीत.

आपल्या हाती असलेल्या दोन गोष्टी मात्र सामन्याइतक्याच मोलाच्या आहेत. सामन्याच्या चारही दिवशी मध्यवर्ती बसस्थानकापासून ऑटोनगरपर्यंत जादा बसगाड्या सुटाव्यात, यासाठी परिवहन खात्याला आपण कळवावे. तसेच शिक्षण खात्यामार्फत जिल्ह्यातील कन्नड, मराठी आणि उर्दू माध्यमांच्या सर्व शाळांना सामन्याचे परिपत्रक त्या-त्या भाषेत, निदान पंधरा दिवस आधी जावे, म्हणजे शिक्षकांना पालकांची संमती घेऊन मुलांना आणता येईल.

पुढील हंगामाचे वेळापत्रक निश्चित होण्यापूर्वी आपण संघटनेच्या पदाधिकाऱ्यांशी याविषयी बोलावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
बेळगावातील एक क्रिकेटप्रेमी नागरिक