रहिवासाची अट आणि 'बळी'

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या जिल्ह्यातील एका संस्थेने आपल्या वार्षिक प्रादेशिक कादंबरी पुरस्काराला विभावरी शिरूरकर यांचे नाव द्यायचे ठरविले आहे. ऐकून आनंद झाला, पण नियमावली वाचल्यावर हसावे की रडावे ते कळेना. लेखक या जिल्ह्याचा किमान पंधरा वर्षांचा रहिवासी असावा आणि तसा दाखला प्रवेशिकेला जोडावा, अशी तीत अट आहे. या अटीवर खुद्द विभावरीबाईंची प्रवेशिका पहिल्याच छाननीत बाद झाली असती!

विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा पुस्तकाइतकीच चर्चा टोपणनावाआड कोण दडले आहे याची झाली, आणि आजही त्यांचे नाव निघाले की बोलणे बहुधा तेवढ्यावरच थांबते. सोलापूरकरांनी मात्र त्यांच्याकडे पाहावे ते १९५० च्या 'बळी'साठी. १९३७ ते १९४० या काळात त्या येथील गुन्हेगार जमातींच्या वसाहतीवर अधिकारी होत्या. त्या तीन वर्षांत तारेच्या कुंपणाआड जे पाहिले, जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या माणसांची जी हजेरी रोज घेतली जात होती, ते सारे त्यांनी जवळजवळ दहा वर्षे मनात मुरू दिले आणि मग कादंबरीत उतरविले. त्यांना तसे ठरविणारा गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पुस्तकानंतर दोन वर्षांनी. शहरातला तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. रिक्षावाल्याला दुसरे काही सांगावे लागत नाही.

गेल्या महिन्यात एका ग्रंथालयात मी 'बळी' मागितली. ग्रंथपालांनी शिडी लावून वरच्या फळीवरून प्रत काढून दिली. पाठीला दोऱ्याची शिवण, कडा पिवळ्या पडून चुरा होत असलेल्या, आणि देवघेवीच्या कार्डावर शेवटचा शिक्का १९९६ चा. शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांच्या खर्चातून अशा दहा-वीस प्रती तालुक्यांच्या वाचनालयांत सहज पोहोचतील, हा हिशेब आयोजकांनी एकदा मांडून पाहावा.

प्रदेश कादंबरीत असतो, शिधापत्रिकेत नव्हे. येथे जन्मून परगावची गोष्ट लिहिणाऱ्याला पुरस्कार मिळावा आणि बाहेरून येऊन या मातीचे दुखणे ओळखणारीला दार बंद असावे, हे निदान या नावाखाली तरी शोभत नाही. स्थानिक लेखकांवर अन्याय होईल ही भीती मला खोटी वाटत नाही, पण त्यासाठी प्रथम प्रकाशनाचा वेगळा पुरस्कार ठेवता येतो.

तेव्हा संस्थेने त्या अटीतील 'लेखक' हा शब्द खोडून तेथे 'कथानक' घालावे आणि दाखल्याचे कलम काढून टाकावे, एवढीच विनंती आहे. प्रवेशिका मागविणारी जाहिरात अद्याप निघालेली नाही, त्यामुळे हा बदल याच वर्षी करता येईल.

आपली,
एक वाचक, सोलापूर